पाच कोरे दाखले

१६ मार्च, रविवार

आज पंधरावा रोजा. दुपार उतरल्यावर मैदानावर पाणी मारत होतो, तेवढ्यात सुंदररावची गाडी थेट बास्केटबॉलच्या खांबापाशी येऊन थांबली. तो खांब बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनीच तलवाड्यात उभा केला. तो क्रीडा मंडळाचा अध्यक्ष, मी सचिव. पुढे तो राजकारणात गेला आणि मी शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून राहिलो. चौथीपर्यंत एका पाटावर बसलो आहोत, त्यामुळे तो अजून मला 'बे' म्हणतो आणि मला राग येत नाही.

एप्रिलमध्ये माजलगावला गोदाकाठ प्रो बास्केटबॉल लीग होणार, असं त्याने सांगितलं. सहा संघ, कापसाच्या मोठ्या शेडमध्ये लाकडी फरशी, कॅमेरे, आणि प्रत्येक संघात दोन परदेशी पाहुणे खेळाडू. त्यातला एक संघ सुंदररावने घेतला आहे. मी म्हणालो, मग आमच्या पोरांनी बाहेर बसून टाळ्या वाजवायच्या काय?

"नियम हाय बे पाशा," तो म्हणाला. "बारातले पाच जण जिल्ह्यातल्या मंडळाचे पाह्यजेत. तीन वर्सं खेळल्याचा दाखला लागतो. मंडळ तुझं, पोरं तुझी. अजून काय पाह्यजे?"

उपांत्य सामन्याला रेल्वेच्या नोकरीसाठी खेळाडू निवडणारी माणसं येणार आहेत. ते ऐकून माझ्या मनात एकच नाव आलं. मुस्तकीम. बसस्टँडवर फळांचा गाडा लावणाऱ्या कलीमचा मुलगा. अकराव्या वर्षी पायात एकच चप्पल घालून माझ्याकडे आला होता. डावखुरा आहे. त्याच्यासारखे हात मी दुसरे पाहिले नाहीत. भरतीला वयाची अट पंचविसाची, आणि दिवाळीत त्याला पंचवीस पूर्ण होतात. संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर दुआत त्याचं नाव घेतलं.

२० मार्च, गुरुवार

उद्या सूर्य मावळायच्या आत मशिदीत एतेकाफला बसायचं. रमजानचे शेवटचे दहा दिवस तिथेच राहायचं, बाहेर पडायचं नाही, दुनियेच्या गोष्टी करायच्या नाहीत. सात वर्षांपासून मनात होतं. दरवर्षी काही ना काही आडवं आलं. बायकोने, अकबरीने, नमाजाची जानमाज धुऊन वाळवली, एक चादर पडद्यासाठी बांधून ठेवली.

संध्याकाळी सुंदरराव आला. खेळाडूंची नोंदणी सत्तावीसपर्यंत आहे आणि त्या वेळी मी आत असेन. दाखल्यांचा मजकूर लीगकडून अजून यायचा आहे. तो म्हणाला, मंडळाच्या पाच कागदांवर खाली सही-शिक्का करून दे, मजकूर आला की भरून घेतो. तू निवांत अल्ला अल्ला कर.

मी पाच सह्या केल्या आणि पाच नावं तोंडी सांगितली. मुस्तकीम, उमापूरचा अजिनाथ, आणि आमच्या गावातली तीन पोरं. सुंदररावने कागद घडी न घालता नीट फाईलमध्ये ठेवले. कागदाला किती जपतो, हे बघून बरं वाटलं.

तो गेल्यावर उज्मा म्हणाली, "अब्बा, कोऱ्या कागदावर सही कावून दिली?" पोरगी बी.एस्सी.ला गेल्यापासून प्रत्येक गोष्टीत 'कावून', का म्हणून, असं विचारते. मी म्हणालो, ज्याच्या डब्यातली भाकर खाल्ली त्याचा कागद तपासायचा नसतो.

२१ मार्च, शुक्रवार

मशिदीच्या डाव्या कोपऱ्यात चादर बांधली. वही सोबत आणली आहे. इमामसाहेबांना विचारलं, ते म्हणाले, थोडं लिहा. मंडळाच्या हजेरीची वही मुस्तकीमकडे दिली. बावीस वर्षांची ती सवय मोडायला नको. तशी ती वही मैदानावरच्या खोलीत खिडकीतच पडलेली असते, कुणीही उचलावी. मुस्तकीमचं अक्षर मोठं आहे, पण डाव्या हाताने लिहितो म्हणून हात ओल्या शाईवरून फिरतो आणि प्रत्येक ओळ उजवीकडे फासते. त्याला म्हणालो, बाबा, पेन्सिल वापर. हसला.

२५ मार्च, मंगळवार

इथे वेळ वेगळा चालतो. पंख्याचा आवाज आणि आपला श्वास एवढंच. माझा राग, माझा मान, सगळं चपलांसारखं दारात राहिल्यासारखं वाटतं.

दुपारी जोहरच्या नमाजानंतर पडद्याबाहेर मुस्तकीम येऊन बसला. "सर, एक बोलायचं व्हतं." मी तसबीहचे मणी फिरवत होतो. हाताने खूण केली, ईदनंतर. तो उठला नाही. पुन्हा म्हणाला, "मैदानाचंच हाय, सर." मी पुन्हा खूण केली. थोडा वेळ त्याची सावली चादरीवर होती. मग गेला. सलाम फार हळू केला.

मन आवरलं याचं समाधान वाटलं.

३१ मार्च, सोमवार

ईद. काल पाडवा, आज ईद. सुंदररावकडून साखरेच्या गाठी आल्या, आमच्याकडून शीरखुर्मा गेला. दहा दिवसांनी मैदान पाहिलं. कडेला गवत आलंय. पोरं गळाभेटीला आली. मुस्तकीमच्या पायात नवे बूट होते, भारी, घोट्याच्या वरपर्यंतचे. सुंदररावने सगळ्यांना दिले असतील. अजिनाथच्या पायात जुनेच होते. त्याच्या मापाचे मिळाले नसतील. मुस्तकीमला विचारलं, त्या दिवशी काय बोलायचं होतं? म्हणाला, काही न्हाई सर, मिटलं ते.

४ एप्रिल, शुक्रवार

पाहुणा आला. इब्राहिमा नाव, सेनेगल देश, आफ्रिकेत आहे. दार ओलांडताना जवळजवळ दुमडून आत येतो. दुसरा पाहुणा माजलगावच्या लॉजवर आहे. हा रोज नमाज पढतो म्हणून सुंदररावने माझ्याकडे पाठवला. खाट पुरेना. वेल्डिंगवाल्याने पायथ्याला शाळेच्या जुन्या बाकाचा तुकडा जोडून दिला. अकबरी म्हणाली, आता ही खाट कोणत्या खोलीत मावणार?

जुम्याच्या नमाजाला तो माझ्या शेजारी उभा राहिला. सगळ्या लहान पोरांच्या माना मागे वळलेल्या. इमामसाहेबांचं प्रवचन, खुतबा, त्याला कळला नसेल, पण आमीन बरोबर जागी म्हणाला. त्याची भाषा फ्रेंच, थोडी इंग्रजी. माझी मराठी आणि घरातली दखनी. मध्ये उज्मा. तिने विचारलं, घरी कोण कोण आहे? आई आणि चार बहिणी. अकबरीने लगेच ताटात आणखी एक भाकर वाढली.

खरं लिहितो, मला तो पूर्ण आवडला नाही. त्याच्या उंचीकडे पाहून वाटलं, हा उभा राहिला की आमची पोरं दिसणारच नाहीत.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी इब्राहिमा आपल्या मैदानावर आला. मुस्तकीम आणि तो, दोघेच खेळले. मुस्तकीम त्याच्या काखेखालून तीनदा निघून गेला. तिसऱ्यांदा पाहुणा तिथेच जमिनीवर बसला आणि हसत सुटला. उज्माला म्हणाला, हा मुलगा सुरुवातीपासून खेळला पाहिजे, मी सुंदररावांना सांगतो.

मी मुस्तकीमकडे पाहिलं. वाटलं, खुश होईल. तो बुटाची नाडी बांधत बसला. बांधलेलीच होती.

१० एप्रिल, गुरुवार

माजलगाव. पहिला सामना. कापसाच्या शेडमध्ये इतका उजेड कधी पाहिला नव्हता. ढोल, हलगी, पाहुण्यांना फेटे. इब्राहिमाच्या डोक्यावर फेटा बांधायला माणूस स्टुलावर चढला, तेव्हा सगळी शेड हसली.

मग बारा नावं पुकारली. मुस्तकीमचं होतं. अजिनाथ आणि बाकी तिघांची नव्हती. ते चौघं माझ्या मागच्या रांगेत आईबापांना घेऊन बसले होते. अजिनाथच्या आईने मला विचारलं, "सर, आमचा कधी उतरायचा?" मी म्हणालो, विचारून येतो.

मधल्या वेळात सुंदररावला गाठलं. तो म्हणाला, जिल्ह्यातल्या दुसऱ्या मंडळांनीपण पोरं दिली, मालक म्हणून सगळ्यांना सांभाळावं लागतं, तुझ्या चौघांना पुढच्या वर्षी बघू. मी विचारलं, मग माझे चार कागद उरले असतील. "गाडीत पडलेत बे, देतो आणून."

संघ जिंकला. माझ्या चौघांच्या जागी आलेली चार नवीन पोरं फार चांगली खेळली. मजबूत, सरावलेली. आपल्या जिल्ह्यात अशी पोरं आहेत आणि बावीस वर्षांत माझ्या नजरेस आली नाहीत, याची लाज वाटली. मुस्तकीम बाकावरच होता. टॉवेल देत होता.

१३ एप्रिल, रविवार

दोन सामने आणखी झाले. दोन्ही जिंकले. मुस्तकीम एक मिनिटही नाही. मला वाटू लागलंय की पाहुणेच जागा अडवतात.

चहाच्या वेळी इब्राहिमा उज्माला काहीतरी सांगत होता. ती आधी हसली आणि मग हसायची थांबली. "अब्बा, हे म्हणतात, त्या चौघांतले दोघं गेल्या हिवाळ्यात दुसऱ्या राज्यातल्या लीगमधी यांच्या संघात व्हते. तिथंबी ते स्थानिकच व्हते म्हणे."

मी म्हणालो, त्याला सगळे हिंदुस्थानी सारखेच दिसत असतील. उज्माने हे इंग्रजीत सांगायला नकार दिला.

१४ एप्रिल, सोमवार

हरलेल्या एका संघाने आक्षेप घेतला आहे. लीगच्या तक्रार समितीचं पत्र मंडळाच्या नावाने आलं. चार खेळाडूंना आमच्या मंडळाने दाखले दिलेत, तीन वर्षं तलवाड्यात खेळल्याचे. सचिवांनी बुधवारी सकाळी हजेरीची वही घेऊन यावं.

चार नावं तीनदा वाचली. एकही मी कधी पुकारलेलं नाही. खाली झेरॉक्सवर माझी सही. 'पाशा' मधल्या 'शा' चा काना मी जरा वाकडा काढतो, तोसुद्धा तसाच.

अकबरीला सांगितलं नाही. उज्माने पत्र वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी कावून विचारलं नाही. ते विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

१५ एप्रिल, मंगळवार

सुंदरराव घरी आला. गाडी लांब लावून चालत आला. इब्राहिमा सरावाला गेला होता. मी त्याला विचारलं, माझ्या पाच नावांचं काय केलंस?

"तुझी पोरं चांगली हायेत बे, पण लीग चांगल्यानं जिंकता येत न्हाई. इथं मी सगळ्या माजलगावासमोर उभा हाय. हरून दाखवू का?" मग आवाज खाली आणला. "उद्या फक्त हो म्हण. सही माझी, पोरं माझी. एवढंच. परवा उपांत्य सामना. मुस्तकीम पहिल्या पाचात उतरंल, रेल्वेवाल्यांच्या समोर. माझा शब्द."

तो पुढे म्हणाला, आणि नाही म्हणालास तर संघ बाद, मंडळावर एक वर्षाची बंदी, मंडळाच्या सगळ्या पोरांवर बंदी. एक वर्षाने मुस्तकीमचं वय किती होतं ते तूच मोज.

उठताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चौथीत ठेवायचा तसाच. मी तो झटकला नाही, याचं आता आश्चर्य वाटतं.

रात्री इशाच्या नमाजानंतर बराच वेळ बसून राहिलो. खरं बोललो तर मुस्तकीम जातो, खोटं बोललो तर तो राहतो. त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. दुआ मागायला हात उचलले आणि काय मागावं ते कळेना. घरात येताना पाहिलं, इब्राहिमाची बॅग भरून भिंतीला उभी. उज्माला म्हणालो, हा कुठे निघाला? संघ तर खेळतोय अजून. उज्मा म्हणाली, पत्राचं मी त्याला सांगितलं व्हतं. बॅगेचं मीबी विचारलं. तो म्हणाला, तुझे अब्बा उद्या खरं बोलणार हायेत.

१६ एप्रिल, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

शेडच्या मागे पत्र्याच्या खोलीत समितीचे तिघं बसले होते. एका बाजूला सुंदरराव. अध्यक्ष वयस्कर, सभ्य माणूस. त्यांनी विचारलं, सही तुमची आहे का? मी म्हणालो, माझी आहे. सुंदररावने पाय पसरले.

"ही मुलं तुमच्या मंडळाची?"

"नाही. मी सही केली तेव्हा कागद कोरे होते."

सुंदररावने पाय आत घेतले. मग हळूच म्हणाला, "पाशा, बे, काय बोलतोस तू." त्यात धमकी नव्हती. त्याला खरोखर कळलं नव्हतं, असं वाटलं. मीही त्याला तेवढंच कमी ओळखत होतो म्हणायचं.

अध्यक्षांनी वही मागितली. तीन वर्षांची पानं उलटली, ती चार नावं कुठेच नव्हती. मग मूळ दाखले समोर ठेवले आणि विचारलं, मजकूर कुणी भरला? ज्याने भरला त्याला कुठल्याच सामन्यात पुन्हा उतरता येणार नाही, तो खेळाडू असो की कुणी असो.

मी पहिल्यांदाच मूळ कागद पाहिले. मोठं अक्षर. प्रत्येक ओळ उजवीकडे फासलेली. शेजारी हजेरीची वही उघडी होती, मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांच्या पानावर. तिथेही तीच फासलेली शाई. दोन्ही कागदांत वीतभर अंतर होतं. अध्यक्ष कागदाकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

माझ्या कानात पंख्याचा आवाज आला. मशिदीतला. चादरीवरची सावली दिसली.

मी वही मिटली. म्हणालो, "कोरा कागद मी सोडला. त्याच्यावर जे आलं ते माझंच धरा."

"म्हणजे अक्षर तुम्हाला ओळखता येत नाही?"

"नाही," मी म्हणालो.

ज्या तोंडाने खरं बोललो त्याच तोंडाने, पाच मिनिटांच्या आत. संघ बाद झाला. मंडळावर एक वर्ष बंदी. माझी सही यापुढे कुठल्याच दाखल्यावर चालणार नाही.

बाहेर मुस्तकीम उभा होता, संघाच्या कपड्यांत. मी विचारलं, "कावून?"

तो रडला नाही. "तुमी मशिदीत बसलात, सर. सुंदरराव म्हणले, चार नावं ही लिही, पाचवं तुझं. न्हाई लिहिलं तर पाचवंबी दुसऱ्याचं. मी काय करायचं व्हतं?"

"मला विचारायचं होतं."

"आलतो की," तो म्हणाला. "दोनदा बोललो. तुमी हात केला."

१७ एप्रिल, गुरुवार

आज उपांत्य सामना. आमच्याऐवजी दुसरा संघ खेळतोय. रेल्वेची माणसं आली आहेत म्हणतात.

इब्राहिमाला सकाळी बसला बसवलं. त्याचंही खेळायचं राहिलं. अकबरीने शिदोरी दिली. मी माफी मागितली, उज्माने ती इंग्रजीत सांगितली. तो काहीतरी बोलला आणि उज्माने सांगायला वेळ लावला. "ते म्हणतात, चांगल्या माणसांच्या घरी जेवलो, एवढं आईला सांगीन." मी निम्मंच खरं बोललो, हे त्याला सांगायचं राहून गेलं. सांगायला मध्ये उज्मा लागली असती.

खाट दारातून बाहेर निघत नाही.

इमामसाहेबांना विचारायला गेलो होतो की एतेकाफात कुणी संकटात सापडून दाराशी आला तर त्याचं ऐकून घेतलेलं चालतं का. ते म्हणाले, चालतं की, जरूर ऐकावं. का, काय झालं? मी म्हणालो, सहज.

२१ एप्रिल, सोमवार

चार दिवस मैदानावर गेलो नाही. आज गेलो. बंदी सामन्यांवर आहे, सरावावर नाही. अजिनाथ आला होता, बाकी तिघंही आले होते. बंदी त्यांच्यावरही आहे. काहीच न करता त्यांचं वर्ष गेलं. तरी त्यांनी आधीच पाणी मारून ठेवलं होतं. माजलगावहून आल्यावर परत खिडकीत ठेवलेली वही घेतली आणि नावं पुकारायला लागलो.

सहावं नाव मुस्तकीम कलीम शेख. तोंडातून सवयीने निघून गेलं.

"हजर, सर."

वर पाहिलं. तो चुन्याच्या रेषेच्या बाहेर उभा होता, अनवाणी. नवे बूट हातात होते. ते कुणाला द्यायचे ते त्याला कळत नसावं. अजिनाथ त्याच्याकडे न पाहता चेंडू आपटत राहिला.

मी पेन त्याच्या नावासमोर नेलं. हजर लिहावं तर हात चालेना. गैरहजर लिहावं तर तो समोर उभा. बावीस वर्षांत या वहीतली एकही चौकट मी रिकामी सोडली नव्हती. आज सोडली आणि सातवं नाव पुकारलं.

सराव संपल्यावर वही खिडकीत ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला; मार्चची ती फासलेली पानं कुणीही उघडली असती. घरी आणली. अकबरीच्या कपाटात, कपड्यांखाली ठेवली, कुलूप लावलं. किल्ली खिशात आहे. लिहिताना मांडीला टोचते आहे.